मार खाणाऱ्याचा मान

संत सेबॅस्तियनचे चित्र एकदा पाहिले की विसरणे कठीण जाते. खांबाला किंवा झाडाला बांधलेला एक तरुण, अंगावर जेमतेम वस्त्र, आणि छातीत, पोटात, मांडीत रुतलेले बाण. युरोपातल्या चित्रकारांनी हा प्रसंग शतकानुशतके इतक्या हौसेने रंगवला आहे की हा माणूस याच बाणांनी मेला असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. परंपरा मात्र वेगळेच सांगते. सम्राट डायोक्लेशियनच्या पदरी असलेला हा रोमन सैनिक ख्रिस्ती असल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्याला बांधून त्याच्यावर बाण सोडण्यात आले आणि तो मेला असे समजून मारेकरी निघून गेले. आयरीन नावाच्या विधवेने त्याला घरी नेऊन त्याची शुश्रूषा केली, आणि बरा झाल्यावर तो पळून न जाता पुन्हा सम्राटासमोर जाऊन उभा राहिला. मग मात्र त्याला सोट्यांनी मारून ठार करण्यात आले. म्हणजे बाणांचे ते प्रसिद्ध चित्र मरणाचे नसून निभावून गेलेल्या माराचे आहे, आणि ही गोष्ट मला कोणत्याही चर्चमध्ये नव्हे, तर स्पेनमधल्या एका डोंगरी गावात, भर चौकात, सलगमांचा वर्षाव चालू असताना खऱ्या अर्थाने उमगली.

त्या गावाचे नाव पिओर्नाल. स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या सरहद्दीला लागून एस्त्रेमादुरा नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागात, कासेरेस जिल्ह्यात, हेर्तेचे खोरे आणि ला वेराचा प्रदेश यांच्या मधल्या डोंगरावर हे गाव वसले आहे. उंची ११७५ मीटर, म्हणजे सबंध एस्त्रेमादुरात याहून उंचावर दुसरे गाव नाही. वस्ती दीड हजाराच्या आसपास. खाली हेर्तेच्या खोऱ्यात वसंतात चेरीच्या बागा फुलतात तेव्हा माद्रिदपासून लोक मोटारी काढून ती फुले पाहायला येतात. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, ला वेरात, युस्तेचा मठ आहे, जिथे अर्ध्या युरोपावर राज्य केलेला सम्राट पाचवा चार्ल्स सगळे सोडून येऊन राहिला आणि १५५८ साली वारला. पिओर्नालला मात्र वसंतातल्या पाहुण्यांचे फारसे अप्रूप नाही. या गावाचे वर्ष फिरते ते १९ आणि २० जानेवारी या दोन दिवसांभोवती, कारण २० जानेवारी हा संत सेबॅस्तियनचा दिवस आहे, आणि त्या निमित्ताने गावात हार्राम्प्लास नावाचे सोंग बाहेर पडते.

कामानिमित्त स्पेनमध्ये राहत असताना या उत्सवाबद्दल मी प्रथम ऐकले ते चेष्टेच्या सुरात. शहरातल्या एका सहकाऱ्याने सांगितले की वरच्या एका गावात लोक एका माणसाला सैतानाचे सोंग देतात आणि दोन दिवस त्याला सलगमांनी बडवतात. इंटरनेटवरच्या चित्रफितीही हेच दाखवतात: धावणारी गर्दी, उडणारे पांढरे गोळे, मध्ये झुकलेले एक रंगीबेरंगी भूत. ‘जगातले विचित्र उत्सव’ असल्या यादीत हे प्रकरण बसवून मोकळे होणे फार सोपे आहे. जवळच्या प्लासेन्सिया शहराहून बसने त्या वळणावळणांच्या रस्त्याने वर जाताना माझ्याही मनात कुतूहलापलीकडे काही नव्हते.

सोंगाचे वर्णन आधी करायला हवे. हार्राम्प्लासच्या अंगरख्याला आणि विजारीला मानेपासून घोट्यापर्यंत कापडाच्या रंगीत पट्ट्या शिवलेल्या असतात, इतक्या दाट की खालचे कापड दिसतच नाही आणि तो चालला की सगळे अंग सळसळते. डोक्यावर शंकूच्या आकाराचा मोठा मुखवटा असतो. त्याला दोन शिंगे, लांब नाक, आणि मागे घोड्याच्या आयाळीचे केस. हातात ढोलके आणि ते वाजवण्याच्या दोन काठ्या. हे झाले वरून दिसणारे रूप. आत, त्या पट्ट्यांच्या खाली, हल्लीच्या काळात फायबरग्लासचे चिलखत असते, आणि मुखवटाही त्याच पदार्थाचा असतो, कारण पूर्वी हाती येईल ती भाजी आणि बर्फाचे गोळे फेकले जात, तर आता नगरपालिका वीस टनांच्या घरात सलगम विकत आणून रस्त्यांत त्यांचे ढीग घालते. हे सलगम आपल्या भाजीबाजारातल्यासारखे नाजूक नसतात. जनावरांच्या चाऱ्यासाठी पिकवलेली ती जाडजूड, निबर कंदमुळे असतात. पंधरा-वीस पावलांवरून जोराने मारलेला तसा एक कंद उघड्या अंगावर बसला तर हाड मोडेल. चौकाभोवतीच्या घरांच्या खिडक्यांना आणि दुकानांच्या दर्शनी भागांना त्या दोन दिवसांसाठी जाळ्या लावलेल्या असतात, त्यावरून माराच्या जोराचा अंदाज यावा.

दार उघडून तो बाहेर येतो आणि ढोलके वाजू लागते. मग सुरू होतो तो मारा. चित्रफितीत जे कळत नाही ते इथे प्रथम कानांना कळते: चिलखतावर सलगम फुटण्याचा आवाज पोकळ आणि मोठा असतो, आणि त्या आवाजाच्या मधूनमधून, तुटक का होईना, पण ढोलके ऐकू येत राहते. तो पळत नाही. रस्त्याच्या मधून, डोके थोडे खाली घालून, मुखवट्याच्या बारीक फटींतून जेवढे दिसेल तेवढे पाहत तो चालत राहतो. मार फार झाला की भिंतीशी वळतो, दम घेतो, पुन्हा रस्त्याच्या मध्ये येतो. जितका जास्त वेळ तो टिकतो तितका त्याचा मान मोठा. कोणी थकून आत गेला की जमाव ‘हार्राम्प्लास, हार्राम्प्लास’ असा गजर करतो, त्याला पुन्हा बाहेर बोलावण्यासाठी आणि त्याचे कौतुक करण्यासाठी, दोन्हीसाठी एकाच आवाजात.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंनी माझ्या हातात सलगम ठेवला. मी संकोचाने तो हळूच फेकला आणि तो त्याच्या पायांपर्यंतही पोचला नाही. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला जरा कडक स्वरात सांगितले की असे फेकू नका, तो काही लहान मूल नाही. त्याने इतकी वर्षे वाट पाहिली आहे ती कोणी त्याला गोंजारावे म्हणून नाही. हळू मारणे हा त्याचा अपमान आहे, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

आता, हा हार्राम्प्लास म्हणजे नेमका कोण? या प्रश्नाला गावात आणि पुस्तकांत अनेक उत्तरे मिळतात. सर्वांत जास्त सांगितली जाणारी कथा अशी की हा एक गुरेचोर होता, गावकऱ्यांनी त्याला पकडले, त्याची धिंड काढली आणि हाती लागेल ती भाजी त्याच्यावर फेकून त्याला शिक्षा केली. विद्वत्तेची हौस असलेले लोक याच कथेचे मूळ हर्क्युलिसच्या पुराणकथेत शोधतात, कारण हर्क्युलिसची गुरे चोरणाऱ्या काकुसलाही त्या चोरीची शिक्षा भोगावी लागली होती. आणखी एक मत असे की एस्त्रेमादुरातून अमेरिकेत गेलेल्या पहिल्या स्पॅनिश लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांचे जे विधी पाहिले त्यांचे हे रूप आहे. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस आणि पेरू जिंकणारा पिझारो हे दोघेही याच प्रांताचे, तेव्हा या मताला निदान भूगोलाचा आधार आहे. काहींच्या मते हे सारे ख्रिस्ती धर्माच्याही आधीचे, हिवाळ्यातल्या मुखवट्यांच्या जुन्या प्रथांपैकी आहे आणि संताचे नाव त्याला नंतर चिकटले. याच कासेरेस जिल्ह्यातल्या आसेउचे गावात, याच संताच्या दिवशी, माणसे जनावरांची कातडी पांघरून श्वापदे बनतात आणि संताच्या मूर्तीपुढे वाकून नमस्कार करतात, हे पाहिले की या शेवटच्या मताला वजन येते.

मला स्वतःला गुरेचोराची कथा पटत नाही. इतिहास म्हणून ती खरी की खोटी, हा माझा प्रश्न नाही. ती कथा सांगणाऱ्यांच्या वागण्याशीच जुळत नाही. चोराला मारताना लोकांच्या तोंडावर जो राग असतो तो इथे शोधूनही सापडत नाही. चोराची आई दाराशी उभी राहून डोळे पुसत त्याच्याकडे अभिमानाने पाहत नाही. आणि चोर होण्यासाठी कोणी नाव नोंदवून वीस-वीस वर्षे वाट पाहत नाही. पिओर्नालमध्ये हार्राम्प्लास होण्यासाठी प्रतीक्षायादी आहे आणि ती दोन दशकांहून लांब आहे. आज जो तरुण नाव नोंदवील त्याचा क्रमांक लागेल तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेले असतील. हे नाव पुष्कळदा नवसापोटी नोंदवले जाते. आजारातून उठलेले कोणी, अपघातातून वाचलेले कोणी, आईवडिलांसाठी बोललेले कोणी. मार हा इथे फेडीचा भाग आहे.

हे ऐकताना बावधनच्या बगाडाची आठवण मराठी माणसाला न येणे शक्य नाही. वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाच्या यात्रेत नवस बोललेल्यांपैकी एकालाच, होळी पौर्णिमेच्या रात्री देवाचा कौल घेऊन, बगाड्या म्हणून निवडले जाते आणि रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलजोड्यांनी ओढलेल्या त्या उंच बगाडावर त्याला गावापर्यंत आणले जाते. नवस अनेकांचे असतात, अंगावर घेणारा एकच असतो, आणि त्या एकाच्या मागे सारा गाव राबतो. फरक इतकाच की बावधनला निवड देवावर सोपवलेली आहे, तर पिओर्नालने ती वहीवर सोपवली आहे. कौलात आशा दरवर्षी नवी होते. वहीत मात्र आपले वर्ष कोणते हे माणसाला कितीतरी आधी ठाऊक असते, आणि त्या वर्षाच्या हिशेबाने तो आपले आयुष्य बेतू लागतो. मला यातले दुसरे अधिक अवघड वाटते.

उत्सवाचा दुसरा भाग पाहायला फारसे बाहेरचे लोक थांबत नाहीत, आणि तो न पाहता परतणाऱ्याला अर्धेच कळते असे माझे मत आहे. १९ तारखेच्या रात्री, बारा वाजण्याच्या सुमारास, गावकरी त्या गोठवणाऱ्या थंडीत जमतात आणि संताच्या स्तुतीची ‘आल्बोरास’ ही गीते गातात. दिवसभर आरडाओरडा केलेले तेच घसे. चाल संथ आणि जुनी आहे, तिच्यात गाणाऱ्यांना स्वतःचे कौशल्य दाखवायला जागा नाही, आणि म्हणूनच चांगला गळा आणि वाईट गळा त्यात सारखेच सामावतात. गाणे संपल्यावर मिगास खायला मिळतात. शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्हच्या तेलात लसणावर परतलेला, आणि त्यात ला वेराच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची लाल पूड. मेंढपाळांचे हे खाणे. थंडीत उभे राहून खाल्लेल्या त्या मिगासांत मला आपल्या फोडणीच्या पोळीचे थोडे सुख मिळाले, हे सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिसा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होते आणि संताची मूर्ती मिरवणुकीने निघते. मूर्तीच्या संगे, पूर्ण वेशात, हार्राम्प्लास ढोलके वाजवत चालतो, आणि या वेळी त्याच्यावर कोणीही काहीही फेकत नाही. ढीग तसेच रस्त्याकडेला पडलेले असतात, माणसेही तीच असतात. एकाच मिरवणुकीत बाण लागलेला लाकडी संत आणि सलगमांच्या खुणा अंगावर वागवणारा शिंगांचा माणूस जवळजवळ चाललेले पाहिले, तेव्हा मला प्रथमच वाटले की इथे एक देव आणि एक सैतान अशी जोडी नसावी. ही दोन्ही लक्ष्येच आहेत. एकावर सम्राटाच्या तिरंदाजांनी नेम धरला, दुसऱ्यावर त्याच्या शेजाऱ्यांनी. आणि दोघेही आपापल्या वर्षावातून उभे राहून बाहेर आले. गावात हे असे कोणी मला सांगितले नाही, आणि पाद्रीबाबांना ते फारसे रुचलेही नसते. तेव्हा हे माझेच मत समजावे.

पण त्याला एक आधार आहे, आणि तो रोगराईच्या इतिहासात सापडतो. संत सेबॅस्तियनला युरोपभर लोक भजत आले ते मुख्यतः प्लेगपासून वाचवणारा म्हणून. प्लेगला बाणांची उपमा फार जुनी आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये अपोलो ग्रीकांच्या छावणीवर रोग पाठवतो तो बाण सोडूनच. मग ज्याने अंगावर बाण झेलले आणि तरी जो जगला, त्याच्याकडे लोकांनी धाव घ्यावी, हे स्वाभाविक होते. चौदाव्या शतकाच्या मध्यात काळ्या मृत्यूने युरोपातली गावेच्या गावे उठवली, आणि त्यानंतर या संताच्या मूर्ती आणि देवळे सर्वत्र उभी राहिली. त्याच वाटेने तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही आला. पणजीच्या फोंतेन्हास भागात त्याचे कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, आहे, मडगावजवळ आके इथे चर्च आहे, आणि गोव्यात जानेवारीत त्याचे फेस्त होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्र्याच्या आणि गिरगावच्या ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडांवर जे क्रूस उभारले, त्यांतले कित्येक आजही उभे आहेत आणि त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात. साथ गावाच्या वेशीवर थोपवावी, कोणीतरी तिचा मार स्वतःवर घ्यावा आणि बाकीचे सुटावेत, ही इच्छा मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेणाऱ्या आपल्या माणसांना परकी वाटण्याचे कारण नाही.

२०२१ च्या जानेवारीत, कोविडच्या ऐन भरात, पिओर्नालने रस्त्यावरचा हा सोहळा रद्द केला. साथीपासून राखणाऱ्या संताचा उत्सव साथीनेच बंद पाडावा, यातला उपरोध गावकऱ्यांच्या लक्षात आला नसेल असे मुळीच नाही.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत बोचत राहिली. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत वाढलेल्या माणसाला पायाखाली तुडवलेला वीस टन भाजीपाला पाहणे सोपे जात नाही. दुपारपर्यंत रस्ते पांढऱ्या लगद्याने निसरडे होतात आणि सगळीकडे सलगमाचा तिखटसर, कच्चा वास पसरतो. ते चाऱ्याचे कंद आहेत, माणसांच्या ताटातले नाहीत, हे उत्तर मला मिळाले आणि ते खरेही आहे. पण चारा हेही कोणाचे तरी अन्नच. दुसरीकडे असेही वाटते की पूर्वी जेव्हा लोक घरची भाजी फेकत असतील, त्या डोंगरावर जानेवारीत कणगी निम्मी झालेली असताना, तेव्हा ती फेक अधिक महाग होती आणि तिच्यात देण्याचा काही अंश असावा. नगरपालिकेच्या ट्रकमधून आलेल्या सलगमात तो उरलेला नाही. उत्सवाला राष्ट्रीय पर्यटनाचा दर्जा मिळाला, दूरदूरचे छायाचित्रकार आले, ढीग वाढले. हे सगळे चांगलेच झाले असे मला म्हणता येत नाही, आणि वाईटच झाले असे म्हणायला मी कोण? मीही त्या बाहेरच्यांपैकीच एक होतो.

जे ट्रकमधून येत नाही ते म्हणजे तो वेश. ज्या घरात माझी राहण्याची सोय झाली होती त्या घरच्या बाईंनी मला एक लाकडी पेटी उघडून दाखवली. तिच्यात कापडाच्या पट्ट्या होत्या, रंगांप्रमाणे बांधून ठेवलेल्या. जुने पडदे, मुलींचे झगे, नवऱ्याचा एक सदरा, असे जे जे फाटले त्यातून कापून ठेवलेल्या. त्यांच्या मुलाचे नाव यादीत आहे. वेश शिवण्याचे काम घरातल्या आणि शेजारच्या बायका मिळून करतात, आणि त्या दोन दिवसांत घर सर्वांना उघडे ठेवावे लागते, येईल त्याला खाऊ-पिऊ घालावे लागते. तेव्हा नुसता अंगावर मार घेणाऱ्याचाच हा नवस नसतो. एस्त्रेमादुरातल्या डोंगरी गावांतून तरुण माणसे कामासाठी बाहेर जात आहेत, हे चित्र आपल्याला सह्याद्रीतल्या गावांवरून नवे नाही. अशा गावाने वीस वर्षांनंतरच्या जानेवारीत कोण कोणत्या दारातून बाहेर पडेल हे लिहून ठेवावे, यात मला संताच्या भक्तीइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, जिद्द दिसली. प्रत्येक नावामागे हे गृहीत आहे की त्या वर्षी गाव असेल, चौक असेल, आणि सलगम फेकायला पुरेसे हात असतील.

मुलगा सध्या माद्रिदला नोकरी करतो, असे बाई म्हणाल्या. मी विचारले की क्रमांक येईल तेव्हा तो कुठे असेल, काय करत असेल, हे आज कसे सांगता येईल; तिथेच स्थायिक झाला, बायकोमुलांत रमला, आणि यायचे नाही म्हणाला तर? बाईंनी पट्ट्यांची एक जुडी पुन्हा नीट बांधली आणि मी जरा मंदबुद्धी असल्यासारखे माझ्याकडे पाहिले. रजा घेईल, त्या म्हणाल्या; इतकी वर्षे आधी सांगून ठेवलेल्या रजेला कोणता साहेब नाही म्हणतो?